रजिस्टरात सर्व ठीक

बाबा, मी हे कागदावर लिहिते आहे, कारण कॉम्प्युटरवर लिहिलेलं कोण कोण वाचतं याची मला आता धास्ती बसली आहे. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या तेल गिरणीत कॉम्प्युटर नव्हता. तुमचा बॉयलर होता, आणि त्याच्याशेजारी खिळ्याला टांगलेलं पाळीचं रजिस्टर. मी अकरावीत होते, पिपरीहून सायकलवर तुमचा डबा घेऊन यायची. एकदा तुम्ही दुसऱ्या पाळीच्या काकांना सांगत होता की पंप धाप टाकतो आहे, लक्ष ठेवजो. रजिस्टरात मात्र तुमच्याच अक्षरात होतं, सर्व ठीक. मी विचारलं, तर तुम्ही माझ्यावर असे डाफरलात की डबा माझ्या हातातच राहिला. "लिहिलं का आपल्याच अंगावर येते. तोंडानं सांगितलं ना त्याले? मंग झालं." सगळेच तसं करायचे. खरं ते चहा पिताना सांगायचं, आणि साहेबांसाठी सर्व ठीक.

नंतर मी त्याच गिरणीत लागले, तेलाचे नमुने तपासायला. दोन हजार सातच्या सुमारास नव्या मालकांनी सगळ्या गिरण्यांसाठी कॉम्प्युटरवर एक पान सुरू केलं. नागपूरहून एक अधिकारी आले नि म्हणाले, "इथं कोणी साहेब नाही. अडचण लिहा, कल्पना लिहा, दुसऱ्या गिरणीतला माणूस उत्तर देईल." आम्ही टाळ्या वाजवल्या आणि महिनाभर त्या पानावर सणाच्या शुभेच्छा नि सुविचार लिहिले. आमच्यासारखे सुखी कामगार साऱ्या जिल्ह्यात नसतील. कारण लिहिणाऱ्याचं नाव, फोटो नि गिरणी आपोआप उमटायची, आणि मॅनेजर रोज सकाळी ते पान छापून घेऊन लाल पेनानं वाचायचे.

एका दुपारी तेच काका, तुमच्या हाताखाली तयार झालेले, पाळी संपवून माझ्या खिडकीशी येतात. सेफ्टी व्हॉल्व चिकटतो आहे म्हणतात. वाफ वाढली की तो आपोआप उघडायला हवा, नाहीतर बॉयलर फुटतो. पण "पान्यानं ठोकाव लागते, मंगच सुटते. पुढचा आला तवा मी हातपाय धूत होतो, भेटलाच नाई तो मले. बस चालली माई, तू सांगून देजो." पुढच्या पाळीला आता ठेकेदाराची माणसं असतात, दर आठवड्याला नवी. मी धावत जाऊन त्या माणसाला सांगते. तो भला माणूस, शांतपणे रजिस्टर उघडून दाखवतो. "दीदी, इसमें तो सब ठीक लिखा है." ओळ काकांच्याच अक्षरात, खाली त्यांची सही.

मॅनेजरकडे मी गेले नाही. ते पहिलं विचारणार, पाळी कोणाची होती? काकांना निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी पान उघडलं, दोनदा लिहून दोनदा पुसलं. शेवटी नुसता प्रश्न टाकला, सेफ्टी व्हॉल्व चिकटत असेल तर काय करतात? जणू मला आपली सहज उत्सुकता. थोड्याच वेळात दुसऱ्या एका गिरणीतल्या बॉयलरवाल्याचं उत्तर आलं, मी त्याला आजवर भेटलेले नाही. "आधी भट्टी विझवा. प्रश्न नंतर विचारा." ते वाचून मी कॉम्प्युटर तसाच सोडून मॅनेजरच्या खोलीत शिरले आणि सगळं सांगून टाकलं. बॉयलर थंड केला. खोलून पाहिलं तर व्हॉल्व पुरता जाम, पान्यानंही सुटला नसता. ठेकेदाराचा तो माणूस बाहेर पायरीवर बसून राहिला. त्याला पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरून ठेवलं.

त्या पानावर माझं कौतुक छापून आलं, सहकार्याचं उदाहरण म्हणून. त्याच आठवड्यात काकांच्या सह्यांची रजिस्टरं तपासली आणि त्यांना घरी बसवलं. फाटकाशी मी त्यांना गाठलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तुह्या बापानंच शिकवलं होतं ना मले असं लिहाले." चपला सरकवत निघून गेले. मी त्यांच्या घरी अजून गेलेले नाही. त्यांच्या बायकोला तोंड दाखवायची मला भीती वाटते. पानावर मी पुन्हा शुभेच्छाच लिहिते.

लोक म्हणतात, मी धीराची. बाबा, हे पत्र कोणाला दाखवणार नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी रजिस्टरात तुमची सही असती तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. तुमची नोकरी राहावी म्हणून त्या परक्या माणसाला मी बॉयलरपुढे तसंच बसू दिलं असतं.