इथून चांगलं ऐकू येतं

प्रिय फेलेतीदादा,

लाविनियावहिनी हे तुला वाचून दाखवेल. डोळे मिटून नुसतं ऐक.

तिचा फोन आला तेव्हा मी जिनिव्हात एका बंद दाराबाहेर उभी होते. आत दोन देशांची माणसं नकाशावर रेघ कुठे मारायची यावरून भांडत होती. आम्हा पत्रकारांचं निम्मं आयुष्य असं दाराबाहेरच जातं. दार उघडलं की धक्के खात पुढे घुसायचं आणि पहिला प्रश्न विचारायचा. वहिनी म्हणाली, "वन्सं, डॉक्टरांनी ह्यांना घरी पाठवलंय. आता घरातच राहू दे म्हणाले." तेवढ्यात दार उघडलं, सगळे धावले. मी काहीच न विचारता तशीच विमानतळाकडे निघाले.

विमानात तुझा आवाज आठवत होते. चर्चमध्ये पुरुषांच्या बाकांवरून येणारा खर्जातला सूर. शंभर गळ्यांतून मी तो ओळखायचे. तुला मिसरूड फुटायला लागलं आणि आईनं तुझी चटई मुलग्यांच्या वेगळ्या झोपडीत हलवली. त्यानंतर आपण एकमेकांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, एकमेकांसमोर मोठ्यानं हसलो नाही. आपल्या टोंगात भावाबहिणीनं मान राखायचा तो असाच. पण मी शिकायला बोटीनं निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलेला गरम लू कुणी ठेवला होता, ते मला ठाऊक आहे. फोनवरही मी कोनफळं कशी आलीत विचारायचे, तू वारं कसं आहे ते सांगायचास. शरीराचं दुखणं बहिणीशी बोलायचं नसतं, म्हणून तू बोलला नाहीस. आणि मी विचारलं नाही. जगाला प्रश्न विचारत हिंडणारी बाई!

काल वहिनीनं एक गंमत सांगितली. बातम्यांत माझा चेहरा दिसला की तू उठून ओसरीवर जायचास म्हणे, आणि खिडकीखाली बसून ऐकायचास. ती ओरडायची, "अहो, ती टीव्हीत आहे, घरात नाही! या की आत!" तू म्हणायचास, "असू दे. बहीण ती बहीण. इथून चांगलं ऐकू येतं." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग वहिनी पदार्थ झाकायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दादा, त्याच खिडकीखाली मी कालपासून बसले आहे. तुझा खोकला ऐकते आहे. तू गेलास की लोक मला स्वतः हाताला धरून आत नेतील, तुझ्या उशाशी बसवतील. बहिणीचा मानच आहे तो. मला तो मान तेव्हा नको. आज तुझा हात ऊन आहे, मला तो आज धरायचा आहे. तू हो म्हटल्यावाचून मी उंबरठा ओलांडणार नाही. बोलणं जमत नसेल तर भिंतीवर बोट वाजव. नुसतं एकदा.

मी इथेच आहे. इथून चांगलं ऐकू येतं.

भिंतीपलीकडची, तुझीच
आनासेइनी