हजर : एक

सोमवार, ७ जानेवारी २००८, समुद्रपूर

आलो एकदाचा! सकाळच्या एसटीने वर्ध्याहून निघालो, हिंगणघाटला गाडी बदलली आणि साडेदहाला शाळेच्या फाटकात हजर. स्वागत झकास झालं. मुख्याध्यापक सदाशिवराव स्वतः व्हरांड्यात आले. प्रेमदास शिपायाने माझी बॅग हिसकावूनच घेतली आणि विचारलं, "आधी चहा घेता का जेवता, सर?" घरीदारी मी नुसता साकेत, मला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. खोलीही ठरली, शाळेमागे सुलोचनाबाईंकडे. दोन माणसांना पुरेल. तिसऱ्याचं तिसरं आल्यावर बघू.

काम सरळ आहे. १९३१ पासूनचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर संगणकात चढवायचं. मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याची तारीख, मग खारीज, म्हणजे शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. एकूण चार हजार तीनशे सतरा नावं. माझ्या आधीच्या गजेंद्रने अर्ध्याहून जास्त उरकली आहेत. उरलेली फेब्रुवारीअखेर झाली की सदाशिवराव मला कायम करणार आहेत. वेदश्रीचे दिवसही फेब्रुवारीअखेरच भरतात. ती वर्ध्याला माहेरी आहे. कायम झालो की तिला आणि बाळाला इथे आणायचं. मुलगी झाली तर मृण्मयी. हे नाव आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नाही. सासूबाईंना तर मुळीच नाही, त्या लगेच दहा दुसरी सुचवतील.

बुधवार, ९ जानेवारी

शाळेत पाच संगणक आहेत आणि पाचही कुलूपबंद. म्हणजे चालू होतात, पण त्यांत काही घालू देत नाहीत. पासवर्ड पुरवठादाराच्या नागपूरच्या माणसाकडे, आणि तो माणूस फोन उचलत नाही. साधी मराठी अक्षरंसुद्धा घालता येईनात. मी कपाळाला हात लावला, तेव्हा सदाशिवरावांनी खणातून गजेंद्रचा पेन ड्राइव्ह काढून दिला. काळ्या दोऱ्यात ओवलेला, गळ्यात घालायचा.

आणि मी गजेंद्रला मनातल्या मनात नमस्कार केला. सगळा संसार त्या बोटभर वस्तूत आहे. टंकलेखनाचा प्रोग्राम, अक्षरं, रजिस्टर, सगळं. कुठल्याही संगणकाला लावा, सुरू. काढला की संगणकात मागे काही उरत नाही, सगळं ड्राइव्हवरच राहतं. त्यात 'नवी वही' असं एक पान मिळतं, तिथेच ही रोजनिशी लिहितोय. सोमवारचं कागदावरचं पानही तिथे उतरवून घेतलं.

गाऱ्हाणं एकच. प्रोग्राम शब्द स्वतःच पुरे करतो. एक अक्षर दाबा, पुढचं तो टाकणार. गजेंद्रच्या बोटांच्या सवयी त्याला पाठ आहेत आणि आता त्या माझ्या गळ्यात. 'आ' दाबला की 'आचल'. 'मा' दाबला की 'माझं नाव घे'. या तालुक्यात दर तिसऱ्या बापाचं नाव मारोती, आणि दर मारोतीला मला 'माझं नाव घे' खोडत बसावं लागतं. 'ति' दाबला की 'तिला सोड'. 'तिसरीत नापास' लिहिता लिहिता माझं डोकं फिरलं. आचल कोण, विचारलं. प्रेमदास म्हणाला, गजेंद्रची लेक. गजेंद्रने नोकरी का सोडली, विचारलं, तर त्याला एकदम घंटेची आठवण झाली.

शनिवार, १९ जानेवारी

रोज दुपारी साडेबारा ते चार लोडशेडिंग. बॅटरी दहा मिनिटं टिकते आणि तेवढा वेळ केकाटत असते. त्या दहा मिनिटांत पेन ड्राइव्ह नीट सांगून काढायचा, नाहीतर लिहिलेलं बिघडतं. मी सांगतो आणि रोज तेच उत्तर येतं, 'आत्ता काढता येत नाही, अजून वापरात आहे.' कोण वापरतंय बाबा? सगळं बंद केलंय, खोलीत मी एकटा. पाच-सहा वेळा सांगितलं की कसाबसा सुटतो. आज मी त्याला अशा शिव्या घातल्या की प्रेमदास दारातून म्हणाला, "काऊन चिडता सर, मशीनले का समजते?"

दर शनिवारी सदाशिवराव तपासणीला येतात. पडद्याच्या तळाशी एक आकडा असतो, 'हजर'. ज्याच्या खारीजच्या चौकटी रिकाम्या, तो हजर. ही सगळी पोरं केव्हाच शाळा सोडून गेली, तेव्हा तो आकडा शून्य हवा. आज शून्य होता. सर खूश.

बुधवार, ३० जानेवारी

हजर : १.

तासभर शोधल्यावर सापडलं. शेवटी एक ओळ जास्तीची, क्रमांक नाही. ताराचंद हिरालाल. दाखल केल्याची तारीख आजची! मी ही लिहिलेली नाही. पुसू गेलो तर पुसेना. सदाशिवरावांना विचारलं, तर त्यांनी मलाच सुनावलं की दाखल-खारीजमध्ये खोडाखोड कधीच चालत नाही. एकदा चढलेलं नाव खोडायचं नसतं, खारीज करायचं असतं. १९३१ पासून शाळेचा हाच नियम आहे म्हणे.

ठीक आहे. खारीज दिनांक आजचा टाकला. कारण टाकलं 'सतत गैरहजर'. हजर शून्य. तेवढ्यात वीज गेली, ड्राइव्ह सुटेना, वैतागून उपटलाच.

शनिवार, २ फेब्रुवारी

बसस्टँडवरचं चहाचं हॉटेल तीन दिवस बंद आहे. मालक बुधवारी दुपारी गिऱ्हाइकाला चहा देता देता कोसळला, तो उठलाच नाही. आज पाटी नीट वाचली. ताराचंद हिरालाल.

योगायोग. नाव गजेंद्रने कधीतरी टाइप केलं असेल, प्रोग्रामने उचललं असेल. पण कारणाच्या चौकटीत आता 'मयत' आहे. मी 'सतत गैरहजर' लिहिलं होतं. ड्राइव्ह तीन दिवस माझ्याच गळ्यात होता.

शनिवार, ९ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा एक ओळ. देवकाबाई. पुढे काही नाही, क्रमांक नाही. मी हात लावला नाही. तपासणीत सदाशिवरावांनी 'हजर : १' पाहिलं आणि सगळ्यांसमोर झाडलं. एक साधा आकडा जुळवता येत नसेल तर हिंगणघाटहून दुसरा माणूस बोलावतो, म्हणाले.

मला दुसरा माणूस परवडणार नाही. वेदश्रीचा नववा महिना सरत आला आहे. मी कुठल्याही देवकाबाईला ओळखत नाही. एखाद्या नावाला घाबरायचं तरी किती? मला राग आला होता, म्हणून भरलं. दिनांक आजचा, कारण 'स्थलांतर'. हजर शून्य झालं. सर म्हणाले, बघा, जमतं की.

सोमवार, ११ फेब्रुवारी

प्रेमदास आला नाही. गिरडला गेलाय. त्याची आई शनिवारी दुपारी वारली. मी सदाशिवरावांना आईचं नाव विचारलं.

मला ठाऊक होतं आणि मी भरलं. आधीचं ठाऊक नव्हतं, हे ठाऊक होतं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

प्रेमदास परतला, डोक्यावर टोपी, केस काढलेले. माझ्यासाठी गिरडहून प्रसादाची पुडी आणली. मला त्याच्याकडे बघवेना. मी त्याला सगळं सांगितलं. तो ओरडेल, अंगावर येईल असं वाटलं होतं. त्याने पुडी माझ्या हातात नीट ठेवली आणि म्हणाला, "तुमाले नाई मालूम होतं, सर." त्याहून त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्याने गजेंद्रचं सांगितलं. नोव्हेंबरात त्याची आचल तापाने फणफणून राह्यली होती. डॉक्टरने आशा सोडली होती. आणि गजेंद्र तिच्यापाशी बसायचं सोडून इथे संगणकाला चिकटलेला. लोक नावं ठेवत होते. एक दिवस दुपारी वीज गेली. चार वाजता आली तेव्हा तो याच खुर्चीवर होता, हात कळफलकावर, जीव गेलेला. "आन् तवाच पोरीचा ताप उतरला, सर. आता शाळेत जाते."

मी क्रमांक नसलेल्या सगळ्या ओळी शोधल्या. गजेंद्र हेमराज. खारीज १४ नोव्हेंबर. मयत. आचलची ओळ कुठेही नाही.

माझं नाव घे. तिला सोड. ही बोटांची सवय नव्हती. त्याने किती वेळा लिहिलं असेल हे, प्रोग्रामला पाठ होईपर्यंत?

बुधवार, २० फेब्रुवारी

मृण्मयी साकेत.

हे नाव कुणाला माहीत नाही. मी इथे लिहिलं होतं, पहिल्याच पानावर, या वहीत. आनंदाने.

खारीजच्या चौकटी रिकाम्या. मी भरणार नाही. नोकरी गेली खड्ड्यात.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

काल ड्राइव्ह लावलाच नाही. आज लावला, ओळ गेली का बघायला. नाही गेली. साडेबाराला वीज गेली, तो काढू देईना, वापरात आहे, वापरात आहे, वापरात आहे — मी संतापून उपटला.

एक वाजता सासऱ्यांचा फोन. वेदश्री बाराचाळीसला न्हाणीत पडली. दवाखान्यात ठेवलंय. बाळाचे ठोके लागतात, पण कमी.

परत लावायची हिंमत नाही. हे मी चार वाजता वीज आल्यावर, पाच मिनिटं लावून — ओळीत खारीजच्या दिनांकात काहीतरी उमटलंय. एकच आकडा, '२'.

नीट सांगून काढला. सतरा वेळा सांगावं लागलं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

दोन दिवस वेदश्रीपाशी होतो. ड्राइव्ह इथे खणात. आज सकाळपासून तिला कळा सुरू झाल्या आणि मी तिला सोडून पहिल्या गाडीने इथे आलो. सासरे काय म्हणाले ते लिहीत नाही. गजेंद्रलाही लोक तेच म्हणाले असतील.

दिनांकाची चौकट भरली आहे. २५ फेब्रुवारी २००८. कारण रिकामं. कारणाच्या चौकटीत रेघ लुकलुकते आहे आणि कळफलकाला हात न लावता तिथे अक्षर उमटू पाहतंय —

या वहीत आलो की तिकडचं थांबतं. लुकलुकणारी रेघ एकच आहे. ती इथे असली की तिकडे नाही. म्हणून लिहितोय. काहीही लिहितोय. थांबलो की ती पळते.

प्रेमदासला माझा मोबाइल देऊन मैदानात लिंबाखाली उभं केलंय, तिथेच रेंज लागते. बारा दहा. वीस मिनिटांत वीज जाईल. मग दहा मिनिटं बॅटरी.

सदाशिवराव येऊन गेले. एक आकडा जुळत नाही म्हणाले. मी त्यांना बाहेर जा म्हटलं. चला, कायम होण्याचं संपलं, एवढं सोपं होतं.

बारा तीस. गेली. बॅटरी केकाटतेय.

काढता येत नाही. अजून वापरात आहे.

मा — आलं. 'माझं नाव घे.' पहिल्यांदाच खोडलं नाही. तिला सोड. माझं नाव घे. तिला सोड. माझं नाव घे

नवी ओळ उघडली. रिकामी. जातो, लिहितो, परत येतो.

लिहिलं. साकेत केशव. दाखल २५ फेब्रुवारी. खारीजच्या चौकटी रिकाम्या ठेवल्या. वरची ओळ नाही. मृण्मयीची ओळ नाही! शोधली, कुठेच नाही.

प्रेमदास धावत येतोय. हसतोय — "पोरगी झाली सर! रडून राह्यली, आयका!" — मोबाइल खिडकीतून धरलाय, रेंज नाही, काही ऐकू येत नाही, नुसती खरखर, पण तो म्हणतो रडली. वेदश्री बरी आहे. मुलगी. मला मुलगी झाली.

साडेतीनची गाडी आहे. सुटला तर पकडतो. काढता येत नाही. काढता येत नाही. अरे सोड ना आता, एवढं लिहून दिलं तरी — कोण वापरतंय?

तिकडे माझ्या ओळीत दिनांक भरला. मी नाही भरला. इथे आलो की तिकडचं थांबतं.

बॅटरीची चार मिनिटं. प्रेमदासला सांगितलं, हा ड्राइव्ह वेदश्रीला देऊ नको. तो मान हलवतो, पण त्याला वाटेल माझी वस्तू आहे, तिला द्यावी. तो भला माणूस आहे, देईल.

वेदश्री, तिचं नाव दुसरं ठेव. तुझ्या आईंनी सुचवलेलं कुठलंही. ते इथे लिहू नको.

हे वाचत असशील तर तू तो लावला आहेस. कळफलकाला हात लावू नको. आधी तळाशी बघ. हजर एक दिसलं तर तो मी आहे, कुठेतरी आहे, ती ओळ भरू नको, कुणालाही भरू देऊ नको, कितीही राग आला तरी. शून्य दिसलं तर