भिंतीवरचा उजेड

पोराची ट्रंक टॅक्सीवाल्याच्या हाती पाठवताना तुला काहीच वाटलं नाही? तो बिचारा आवाज खाली करून विचारत होता, घरात कुणी गेलं का म्हणून. मी सांगितलं, सगळे धडधाकट आहेत, एकाची फक्त वाचा बसलीय.

प्रिय मास्तर,
(जग म्हणतं म्हणून मीही म्हणते. जन्म मी दिला, मान जगाने दिला.)

तुझा लेक माझ्याकडे बरा आहे. सोफ्यावर झोपतो, पाय बाहेर लोंबतात. गळका नळ त्याने नीट केला. बोलत मात्र नव्हता. शेवटी रविवारी मीच त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, काय करून आलास ते अडाण्याला कळेल असं सांग. तू जन्मभर लोकांच्या पोरांना क्षेपणास्त्रं शिकवलीस, पण मी विचारलं की तुझं एकच, तुला नाही कळायचं. त्याने एका दुपारी समजावलं.

पडदे ओढले आणि टॉर्चचा उजेड भिंतीवर टाकला. आपला लंगडा बोका लगेच दबा धरून बसला. रडार असंच असतं म्हणे, फक्त त्याचा उजेड दिसत नाही. तो विमानावर आपटून परत फिरतो. त्याच्या तुकडीकडच्या क्षेपणास्त्राला स्वतःचा दिवा नसतो, नुसता डोळा असतो. परत येणारा उजेड दिसेल तिकडे ते धावतं. म्हणून खाली बसलेल्याने शेवटपर्यंत उजेड विमानावरून ढळू द्यायचा नाही. विमान वळलं, उजेड वळला. त्याने टॉर्च सरकवला तसा बोका धावत जाऊन कपाटावर आदळला. मला हसू आलं, त्याला नाही आलं. मग त्याने टॉर्च विझवला. बोका एक पाय उचलून तसाच इकडेतिकडे बघत राहिला. आजी, मी एवढंच केलं, म्हणाला.

त्या दिवशी रडारच्या पडद्यावर ठिपका आला होता. कोण आहेस म्हणून यंत्राने विचारलं. आपल्या विमानातली पेटी आपोआप उत्तर देते, या ठिपक्याने दिलं नाही. साहेबांनी हुकूम दिला, क्षेपणास्त्र सुटलं. पण ठिपका ना वळत होता ना पळत होता. सावकाश, सरळ वर चढत होता, प्रवाशांचं विमान चढतं तसा. आपल्या पोराने तसं सांगितलं. साहेब म्हणाले, उजेड धरून ठेव. याने काढला. क्षेपणास्त्र समुद्रात पडलं आणि ठिपका पडद्याबाहेर गेला. आत कोण होतं, ते अजून कुणालाच कळलेलं नाही.

मी तोंडावर विचारलं, शत्रू असला तर? बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, तर तो पुढे जे काही करेल ते माझ्या माथ्यावर. रडला नाही. आणि तू त्याला भित्रा म्हणतोस. भित्रा असता तर तू पाठवलेला निरोप त्याने उड्या मारत घेतला असता. यंत्र बिघडलं होतं असं सांग, चौकशीला माझेच जुने विद्यार्थी आहेत, सांभाळून घेतील, हे सूनबाईने फोनवर सांगितलं. तो म्हणतो, यंत्र ठणठणीत होतं, हात माझा होता.

येत्या सोमवारी चौकशी आहे. आज सकाळी मी त्याच्या गणवेशाला इस्त्री करत होते, तेव्हा दारात उभा राहून त्याने विचारलं, आजी, माझ्या जागी बाबा असते तर त्यांनी उजेड काढला असता का? माझ्या जिभेला हाड नाही हे सगळी गल्ली जाणते, पण मी इस्त्री खाली ठेवली. तुला पोटात वाढवलं, तरी हे मला माहीत नाही. म्हणून हा कागद. त्याला तुझा वशिला नको आहे, एवढंच हवं आहे. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण खरं. तो चौकशीच्या खोलीत शिरायच्या आधी. मला लिहू नकोस, सूनबाईला फोनवर उभी करू नकोस. उत्तर तू द्यायचंस, आणि त्यालाच.

तुझीच,
आई