पॅनलची सहल

मस्कत, फेब्रुवारी १९९८

प्रिय सुजाता,

मनापासून जय भीम. मी खुशाल हाय, जेवण बरं मिळतंय. आईचा गुडघा कसा हाय? दीक्षा शाळेला जाते की न्हाय?

तू ग्रामपंचायतीला निवडून आलीस तवा मी साऱ्या खोलीला पेढे वाटले. पण सरपंच निवडीआधी मेंबर फुटू नयेत म्हणून पॅनलवाल्यांनी तुम्हाला महाबळेश्वरला नेऊन ठेवलं, हे तुझ्या पत्रातनं कळलं. आईला सोबत नेलीस ते बरं केलंस.

फोटो बघितला. घोड्यावर बसलीयास. गॉगल कुणाचा? लग्नापासनं मी तुला पन्हाळ्याच्या पलीकडं नेलं न्हाय, आणि त्या लोकांनी चार दिवसांत एवढं हसवलं. खोलीतली पोरं फोटो मागतात. मी दाखवत न्हाय.

मत कुणाला द्यायचं ते तुझं तू ठरव. पण निवड पुढं गेली म्हणून आता गोव्याला नेणार म्हणतेस, तिकडं जाऊ नको. माझ्या खिडकीतनं रोज समुद्र दिसतो आणि मी पडदा ओढून घेतो. तो तुझ्यासंगं बघायचा म्हणून ठेवलाय.

तुझाच,
मिलिंद