पिवळी एकच उरली होती

४ ऑक्टोबर, शनिवार

मैथिलीने सकाळीच पर्सचे फोटो पाठवले. ते बघता बघता दूध उतू गेलं.

प्रमोशन झालंय तिचं. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावयाचा दिवाळसण आमच्याकडे — आणि कार्टी म्हणते, यंदा दोन्ही आयांना मी देणार! एक मला, एक तिच्या सासूबाईंना. साधीसुधी नाही, परदेशी कंपनीची. कंपनीचं नाव तिने म्हणून दाखवलं, मला काही ते जमलं नाही.

रंग आपापला निवडा म्हणाली. एका पानावर नेहमीचे — काळा, टॅन, मरून, नेव्ही. हे म्हणे कधी जुने होत नाहीत. दुसऱ्या पानावर या सीझनचे — पिस्ता, लायलॅक, मोका आणि बटर यलो. सीझन संपला की हे पुन्हा बनवत नाहीत.

बटर यलो! रवीवरून नुकतं निघालेलं लोणी. फोटो मोठा करून करून बघितला. ओटा पुसायचा राहिला तो राहिलाच.

५ ऑक्टोबर, रविवार

दुपारभर रंगच बघत होते.

टॅन म्हणजे खांद्याला अडकवलेली कोल्हापुरी चप्पल. मरून म्हणजे लग्नांत मिळणारा ब्लाउजपीस — कपाटात आठ पडलेत. नेव्ही तर शाळेचा युनिफॉर्म, त्या रंगाला मी जन्मभर भूगोल शिकवला. काळा चांगला आहे. काळ्याला नावं ठेवता येत नाहीत, हाच त्याचा दोष. नव्यांपैकी पिस्ता हॉस्पिटलच्या भिंतीचा. मोका म्हणजे दूध कमी पडलेला चहा. लायलॅक, म्हणजे फिकट जांभळा, गोड आहे, पण तो कॉलेजातल्या पोरींनी घ्यावा.

आणि मग ते लोणी.

आमच्या घरात रंगाची परीक्षा एकच — मळखाऊ आहे का? सोफा मळखाऊ. पडदे मळखाऊ. त्र्यंबकच्या झाडून सगळ्या पँटी मळखाऊ. (समोर 'अहो', वहीत त्र्यंबक. नवऱ्याला नावाने हाक मारायला मला एवढीच जागा आहे.) माझा लग्नातला शालूसुद्धा सासूबाईंनी 'मळखाऊ आहे, टिकेल' म्हणून पसंत केला. टिकला. अजून आहे. मला तो तेव्हाही आवडला नव्हता आणि आताही आवडत नाही.

आता अठ्ठावन्न पूर्ण झाली. मला एक तरी वस्तू अशी हवी, जी नुसती बघितली तरी मळेल!

७ ऑक्टोबर, मंगळवार

त्र्यंबकला दोन्ही पानं दाखवली. चष्मा लावून, पेपर बाजूला ठेवून, नीट बघून म्हणाला, "काळी घे. छत्रीला मॅच होईल."

वरच्या मजल्यावरच्या दर्शनाला विचारलं. तिने या विषयावरचे व्हिडिओ पाहिलेत. ती सांगते, सीझनचा रंग घेतला की पुढच्या वर्षी लोकांना लगेच कळतं पर्स कधीची आहे. काळ्याचं वय कळत नाही. शिवाय पुढे विकायची झाली तर काळ्यालाच गिऱ्हाईक येतं. लेकीने दिलेली पर्स मी विकेन कशाला? तिला चहा दिला आणि विषय बदलला. मत बदललं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

मैथिलीचा मेसेज — दुकानात पिवळी एकच उरलीये.

एकच!

९ ऑक्टोबर, गुरुवार

पंचाईत अशी की मान विहीणबाईंचा.

कादंबरीताई. ठाण्याला नौपाड्यात राहतात, मैथिली आणि जावई केदार त्यांच्याकडेच असतात. केदार कॉलेजात होता तेव्हा त्यांचे मिस्टर गेले. बँकेतून रिटायर झाल्या. हळू बोलणार, फिकट साड्या नेसणार, कुणाला लागेल असं काही म्हणणार नाहीत. वाईट विहीण असती तर किती सोपं झालं असतं!

लग्नात आधी त्यांची पंगत, आधी त्यांचा आहेर. आणि पर्सला मी आधी हात घालू? शेवटी फोन केला. म्हटलं, तुम्ही आधी निवडा. त्या म्हणाल्या, छे हो, तुम्ही तिच्या आई, आधी तुम्ही. मी म्हटलं, मुलाकडच्या तुम्ही. त्या म्हणाल्या, आता कसली बाजू घेऊन बसलात. कुकर झाला, भाजी करपली, तरी दोघींपैकी एकीने रंगाचं नाव काढलं नाही. मैथिलीलाच काय ते सांगू, असं ठरलं.

तसं बघितलं तर त्यांना काळीच शोभेल. शांत बाई, त्यातून एकट्या — पिवळ्याचं काय करायचंय त्यांना? माझ्या सोयीचं मत आहे, पण मत आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मैथिलीला सांगितलं, "मला काय गं, काळीसुद्धा चालेल. पिवळीचं सासूबाईंना विचार."

असंच बोलायचं असतं. आपण नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा. पुन्हा नको, पुन्हा आग्रह, आपण पानावर हात आडवा धरायचा — आणि मग बोटांच्या फटीतून जिलबी पडते. 'वाढा' म्हणून ताट पुढे करणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. तर आता मैथिली म्हणणार, अगं आई, पिवळी तुला किती छान दिसेल. मी म्हणणार, छे. ती म्हणणार, ते काही नाही, तुला पिवळीच.

ती म्हणाली, "ओके." आणि फोन ठेवला.

११ ऑक्टोबर, शनिवार

घाबरायचं कारण नाही. विहीणबाई रीतभात जाणणाऱ्या आहेत. त्याही काळीच म्हणणार. मग पिवळी आपोआप इकडे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मैथिलीचा फोन. "आई, घेतल्या एकदाच्या. दोघींनाही हव्या त्याच मिळाल्या."

दोघींनाही हव्या त्याच! संध्याकाळी बाजारात फडके रोडला जाऊन लोणी रंगावर खुलेल अशी राखाडी साडी घेतली. त्र्यंबकने घडी उलगडून बघितली, म्हणाला, बरा आहे रंग, मळखाऊ आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार — पाडवा

लिहू की नको?

सगळं छान झालं. केदाररावांना ओवाळलं, विहीणबाईंची ओटी भरायला घेतली तर त्यांनी हात मागे घेतला, मी तो धरून पुढे आणला आणि भरली. जेवणं झाली. मैथिलीने दोन मोठे खोके आणले, नारिंगी रिबिनीचे. विहीणबाई म्हणाल्या, आधी तुम्ही उघडा. मी म्हटलं, आधी तुम्ही. केदारराव म्हणाले, एकदमच उघडा ना!

माझी काळी. त्यांचीही काळी.

मैथिली खुशीत. "मला वाटलेलं तुमच्यात पिवळीवरून भांडण होणार. पण दोघीही काळीच म्हणालात. मग ती बिचारी उरली, म्हणून मी घेतली!" आणि आतल्या खोलीतून खांद्याला अडकवून आली. फोटोत दिसत होती त्याच्या दसपट सुंदर. माझ्या दिवाळीच्या दिव्यांपेक्षा तीच जास्त उजळ!

मी म्हटलं, वा. विहीणबाईही वा म्हणाल्या. पण त्या मैथिलीकडे बघत नव्हत्या. खांद्याकडे बघत होत्या. मला तेव्हा थोडी शंका आली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार — भाऊबीज

छत्रीला मॅच होते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

विहीणबाईंचा फराळाचा डबा परत करायचा होता. रिकामा कसा द्यायचा म्हणून सकाळी ओल्या नारळाच्या करंज्या तळल्या आणि कळवल्याशिवायच ठाण्याला गेले. मैथिली, केदार ऑफिसला गेले असणार, बाई एकट्याच भेटतील, हे माहीत होतं.

बेल वाजवली. दार उघडलं. घरातली जुनी साडी, एका हातात उलथनं — आणि खांद्याला पिवळी पर्स!

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना तशाच उभ्या. मग आत पोळी जळल्याचा वास आला आणि त्या धावल्या. पर्ससकट.

गॅस बंद करून आल्या, खाली बसल्या. म्हणाल्या, मैथिली ही ऑफिसला नेत नाही, ती गेली की रोज थोडा वेळ कपाटातून काढते. हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये. बाहेर नाही नेली कधी. शप्पत.

"मग तिला सांगितलं का नाहीत, हवी म्हणून?" मी विचारलं.

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, ती आग्रह करेल."

"मलाही." त्या पर्सचा पट्टा कुरवाळत होत्या. "पण मला आता कुणी आग्रह करत नाही हो, हेमाताई. हे गेल्यापासून मी एकदा नको म्हटलं की लोक लगेच मान हलवतात. त्यांना वाटतं, बरोबरच आहे, हिला कशाला हवंय."

मला इतकी लाज वाटली! हेच तर मी या वहीत लिहिलं होतं, याच शाईने. पिवळ्याचं काय करायचंय त्यांना. मी कोण ठरवणारी?

डोळे पुसले आणि म्हटलं, साडी बदला. आज ही बाहेर जाणार.

तलावपाळीला, तळ्याभोवती फिरायला गेलो. अर्धी फेरी त्यांच्या खांद्यावर, अर्धी माझ्या. एका कॉलेजच्या मुलीने वळून बघितलं, तेव्हा दुर्दैवाने त्यांची पाळी होती. मग भूक लागली म्हणून मिसळ खायला बसलो आणि माझ्या चमच्यातून तर्रीचा थेंब सरळ लोण्यावर!

दोघींच्या काळजाचं पाणी पाणी झालं. रुमालाने टिपलं. घरी आणून टाल्कम पावडर लावली, देवाचं नाव घेतलं, झटकली. तांबडं तेल गेलं, मागे हळद राहिली. खिडकीपाशी नेऊन बघितलं — पिवळ्यावर पिवळं, डाग कुठे आहे तेच सापडेना!

काळ्या पर्सवर हाच थेंब कायमचा चमकत राहिला असता. म्हणजे आपल्या हळदीच्या घरात खरा मळखाऊ रंग पिवळाच. आणि मी आयुष्यभर तपकिरी सोफ्यावर बसले!

२९ ऑक्टोबर, बुधवार

मैथिलीचा ऑफिसातून फोन. "आई, आज पहिल्यांदा ऑफिसला आणली, तर माझ्या बॅगेला मिसळीचा वास येतोय."

सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अगं, मी विचारलेलं ना दोघींना?"

"एकदाच विचारलंस."

"मग किती वेळा विचारायचं असतं?"

आता हे काय शिकवायचं असतं? म्हटलं, समोरची हो म्हणेपर्यंत. ती म्हणाली, ऑफिसात असं केलं तर तक्रार होईल माझ्यावर. मग इतकी हसली की मलाही हसू आलं. शेवटी न्याय असा झाला — ऑफिसला काळीच बरी, माझी काळी तिने घ्यायची. पिवळी आम्हा दोघींची. एक महिना नौपाड्यात, एक महिना डोंबिवलीत.

१ नोव्हेंबर, शनिवार

पहिला महिना कुणाचा, एवढंच राहिलं होतं. विहीणबाईंना फोन लावला. मनाशी घोकून ठेवलं होतं, यावेळी सरळ सांगायचं. त्यांनीही घोकलं असावं. दोघी एकदमच "मी" म्हणालो!

पुढे त्याच म्हणाल्या, "मला खरंच हवी आहे या महिन्यात. एका ठिकाणी जायचंय, आणि तिथे काळी नेऊन चालणार नाही."

कुठे ते सांगितलं नाही. दिली. मनाविरुद्ध दिली, पण दिली. एवढं कुठे जायचंय, ज्याला पर्सचा रंग लागतो? त्र्यंबक म्हणतो, डॉक्टरकडे असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

गच्चीत तुळशीचं लग्न लावलं. मैथिलीला सहज विचारलं, सासूबाई कुठे गेल्या होत्या गं? तिला काही माहीत नाही. म्हणाली, हल्ली गुणगुणत असतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

विहीणबाई लग्न करतायत! त्यांच्या योगासनांच्या वर्गातले प्रधान म्हणून आहेत, तेही एकटेच. कालच्या भेटीत, पिवळी खांद्याला लावून, विहीणबाईंनी स्वतः लग्नाचं विचारलं, स्वतःच्या तोंडाने, आणि ते लगेच हो म्हणाले. केदार-मैथिलीला उद्या सांगणार, आधी मला सांगितलं. मग म्हणाल्या, "हेमाताई, माझ्याकडून उभं राहायला माहेरचं कुणी उरलेलं नाही. तुम्ही मुलीकडच्या व्हाल?"

एकदाच विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं.