भाऊबीजेच्या पाटल्या

मुखेड
दि. ९ एप्रिल २०२६

चि. शेषेरावास,

थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची रीत हाय, म्हणून लिहिला. जास्त धरू नको. म्हैस व्याली, रेडी हाय. माझा गुडघा लई दुखून राहिला. तुझी शुगर कशी हाय ते इचारत न्हाई.

अक्षराला हसू नको. चौथीपत्तोर शिकले; पुढं बापानं तुला शाळेत घातलं अन् मला शेरडामागं. शिवांगीकडून लिहून घ्यावं, तर ती काल घरी आली खरी, पण सकाळपासून माझ्याशी बोलत न्हाई. का, ते पुढं लिहीन. न्हाई तर न्हाई लिहिणार.

माझ्या भागवतची ही पोरगी तुझ्या निलंग्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवती. जाहिरात तूच दिली होतीस, जो मास्तर पाच वर्षं टिकंल त्याला पाच लाख बक्षीस. जूनमध्ये तिची पाच वर्षं भरतात. अन् परवा तू तिला केबिनात बसवून म्हणलास, "बेटा, स्वतःच्या खुशीनं राजीनामा दे." का रं? टिकली, ह्योच गुन्हा?

राजीनामा दिला की बक्षीस बुडालं. न द्यावा, तर डिग्रीचे असल कागद तुझ्या कपाटात. नोकरीला घेतानाच ठेवून घेतलेस, म्हणे सांभाळायला. वीस तारखेला नांदेडच्या कॉलेजात तिची मुलाखत हाय. असल कागदाबिगर तिथं कोण उभं करंल?

देगलूरचा शिवमूर्ती सर, गणिताचा, त्यालाबी साडेचार वर्षांनी असाच घालवलास. तवा मला वाटलं, त्याचंच काही चुकलं असंल. बैलापुढं पेंडीचं घमेलं धरून रान नांगरून घ्यायचं, अन् बैल दावणीला आला की घमेलं उचलायचं, हा तुझा धंदा. तुझ्या कॉलेजात टिकून राहिला तो फकस्त तुझा फोटो.

फोन केला तर मला म्हणतोस, "आक्का, संस्थेच्या कारभारात बायकांनी पडू नये." वा रं कारभारी! तीन सालामागं दिवाळीत कारभार करायला माझ्याच ओसरीवर आला होतास. तवा बाई चालली.

लिहितेच आता.

त्या दिवाळीत पोरीला नांदेडचं पहिलं बोलावणं आलं होतं. दरसालच्या भाऊबीजेला तू ताटात पाचशे रुपये अन् लुगडं घालायचास. त्या साली दोन तोळ्याच्या पाटल्या घातल्यास. मी निरांजन खाली ठेवायच्या आत म्हणलास, "आक्का, पोरीला घरच्या कॉलेजातच राहू दे. परक्याचा काय भरवसा?" मी पाटल्या चढवल्या, अन् पोरीला म्हणले, "नांदेडात खोली, मेस, एकटी पोरगी. कशाला?" तिनं माझ्या शब्दावर नांदेड सोडलं.

मनाला सांगत राहिले, भावाची माया हाय. बैलबाजारातला दलाल रुमालाखाली बोटं धरून गुपचूप भाव ठरवतो. आपण निरांजनापुढं ठरवला. मला कळत नव्हतं असं न्हाई. पाटल्या घालून लगीनघरी मिरवत होते, कळून काय करू?

आज सकाळी पोरीला सगळं सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणली, "आजी, तू नुसतं थांब म्हणली असतीस, तरी थांबले असते." अन् भाकर अर्धी टाकून उठली.

बुधवारी सकाळच्या एसटीनं निलंग्याला येऊन राहिले. पाटल्या संगं आणते. असल कागद माझ्या हातात दे, पाटल्या मोजून घे. राजीनामा ती देणार न्हाई. पाच लाखाचं ती अन् तिचा वकील बघतील. कागद न दिलास तर मास्तरांच्या खोलीत बसून एकेकाला सांगंन, शिवांगी मॅडमला कुणी थांबवलं अन् कितीला. माझी अब्रू जाईल म्हणून भिववू नको. ती तुला ओवाळलं त्या ताटातच गेली.

यंदा भाऊबीजेला इकडं वाट वाकडी करू नको. पाट मांडणार न्हाई.

मोकळ्या मनगटाची,
कस्तुराबाई
शिवांगीनं ठेवलं तर तिची आजी