तंग कोटातली गोगलगाय

प्रिय धाकटे,

दादाचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? सासूबाईंना नव्या यंत्रानं ऐकू येतं, की अजून सोयीपुरतंच? मेहुण्यांचा खोकला गेला का? आणि शिकायला माझ्याकडे असणारी तुझी लेक मुंगी, सुट्टीला घरी आल्यावर वेळेवर जेवते ना? इकडे तुझी वहिनी ठणठणीत. माझंही गुडघे सोडून बरं आहे. गुडघ्यांचं आता सांगतो.

मुंगी निघताना तिची बरणी माझ्या शिलाई मशीनशेजारी ठेवून गेली. आत खाडीचा चिखल, थोडं समुद्री गवत आणि (तिच्या म्हणण्यानुसार) तांदळाएवढ्या बुडबुडा-गोगलगायी. परत आल्यावर त्या तिच्या अभ्यासासाठी सरांना जिवंत दाखवायच्या. नाही जमलं, तर मेहुणे तिचं शिक्षण थांबवून तिला दुकानात बसवणार, हे तू जाणतेसच. मी रोज भिंग लावून बघायचो, तर नुसता चिखल. वाटलं, पळाल्या (गोगलगाय पळाली असं वाटलं, यावरून माझी अवस्था ओळख). शेवटी अस्तराच्या मलमलीतून सगळं गाळलं. कापडावर चिखलाचेच ठिपके. चिखल मागच्या दारी ओतला, कापड धुवायला टाकलं. तेवढ्यात पोरीचा फोन: "मामा, दिवसा त्या चिखलातच दडून असतात हं. बरणी हलवू नकोस."

मग काय, संध्याकाळी ओहोटी लागताच म्हातारा खाडीत ओणवा. काहीतरी चमकलं म्हणून झडप घातली, तर माझ्याच सदऱ्याचं बटण. पुन्हा चमकलं, तेही फेकणार होतो, पण ते चालायला लागलं. काय सांगू, शंख साबणाच्या फुग्याइतका पातळ आणि अंग त्यात मावतच नाही. शिवणाऱ्यानं शिवणीत पुढे सैल करायला जादा कापडाचा दाब म्हणून ठेवलेला नाही (मेहुण्यांचा लग्नातला कोट आठवला). पण बिचारी तशीच, चिखलात बारीक रेघ ओढत आपल्या वाटेनं निघाली होती. एवढी एकच मिळाली. तेव्हा मुंगीला आणखी आठवडाभर ठेवून घे. तिला कारण सांगू नकोस.

तुझा दादा

ता.क. तुझी वहिनी खांद्यावरून पत्र वाचून हसते आहे. मलमल धुवायला घेतली तेव्हा ते ठिपके हलताना दिसले म्हणे. खाडीचा चिखल-पाणी आणून तिनं त्या सगळ्या गोगलगायी एका जुन्या पातेल्यात जपल्यात. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, "तेवढेच तुमचे गुडघे हलले." म्हणून मुंगीला ठरल्या दिवशीच पाठव.

आणखी एक. हे पत्र मेहुण्यांना वाचून दाखव (कोट वगळून). मला चिखल तेवढा दिसला आणि मी बरणी ओतून बसलो. पोरीला दुकानात बसवण्याआधी त्यांनी एकदा इथे येऊन पातेल्यात डोकवावं. भिंग माझं. येतात की नाही ते लगेच लिही, आणि येणार असतील तर कोटही आणायला सांग. कापड जोडून तो सैल करून देईन.